पुरे कधी म्हणायचं?

तापमान दाखवणारं एक छोटं सर्किट टेबलावर मांडलंय. पडद्यावर 25.3 दिसतं, लगेच 25.4, पुन्हा 25.2. शेवटचा आकडा नाचायचा थांबत नाही. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पुष्कळ रीडिंग घेऊन सरासरी काढणं. 100 रीडिंगची सरासरी घेतली की हा नाच दहापटीनं कमी होतो. तो आणखी दहापटीनं कमी करायचा तर 10,000 रीडिंग लागतात, कारण ही चूक रीडिंगच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबानं घटते. सेकंदाला एक रीडिंग धरलं, तर पावणेतीन तास झाले. तोवर खोलीच तापलेली किंवा गार झालेली असते!

खरी मेख मात्र सेन्सरच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात असते. तिथे अचूकता ±0.5 अंश अशी लिहिलेली असली, तर सेन्सर मुळातच अर्धा अंश जास्त दाखवत असू शकतो, आणि दहा हजार रीडिंगही तोच अर्धा अंश इमानेइतबारे जास्त दाखवत राहतील. सरासरीनं डळमळ जाते, खोट तशीच राहते. उरलेली चूक जिथून येतेय, तिथवर आपल्या हातातलं काम पोहोचतच नसेल, तर ते काम संपलं. मग कॅलिब्रेशन करा, म्हणजे खात्रीच्या मापाशी ताडून सेन्सरची खोट दुरुस्त करा, किंवा सेन्सर बदला. नुसता पंखा चालू-बंद करायचा असेल, तर अर्धा अंश खुशाल चालतो. सर्किटच्या डबीचं झाकण लावा आणि स्क्रू पिळा.

इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांना हे झाकण कधी लावताच आलं नाही. गणिती कोष्टकं तयार करणाऱ्या त्यांच्या डिफरन्स इंजिनाचं काम 1823 मध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशानं सुरू झालं. आराखड्यात सुमारे 25,000 सुटे भाग होते. 1832 मध्ये यंत्राचा साधारण सातवा हिस्सा जोडून झाला आणि तो छान चालतही होता. पण पुढच्याच वर्षी कारागीर जोसेफ क्लेमंट यांच्याशी पैशावरून बिनसलं. बॅबेज यांच्या डोक्यात तोवर याहून सरस यंत्र घोळू लागलं होतं. सुमारे 17,000 पौंड घालून बसलेल्या सरकारनं 1842 मध्ये हात वर केले. बॅबेज यांनी मग नवा आराखडा काढला. भाग 8,000 वर आले, आकडे मात्र 31 अंकी. तेही कागदावरच राहिलं.

स्वीडनमधल्या शॉइट्झ बापलेकांनी बॅबेज यांच्याच कल्पनेवरून 15 अंकांपुरतं यंत्र बांधलं. 1853 मध्ये ते पूर्ण झालं आणि पुढे एका वेधशाळेनं विकतही घेतलं. मला विचाराल तर खरे इंजिनिअर हे दोघे.

एकोणिसाव्या शतकात पुरेसे अचूक भाग बनतच नव्हते, असं बॅबेज यांच्या बाजूनं पुष्कळदा म्हटलं गेलं. 1991 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमनं त्यांच्या नव्या आराखड्यातला गणन करणारा हिस्सा बांधला. भाग आधुनिक यंत्रांवर केले, पण अचूकता मुद्दाम बॅबेज यांच्या काळात जमत होती तेवढीच ठेवली. हँडल फिरवलं, आणि उत्तरं बरोबर आली.