तलम केस चापून का बसतात?

सकाळी धुऊन फुगवलेले केस दुपारपर्यंत डोक्याला चिकटून बसतात, कंडिशनर लावला की लगेच तेलकट दिसू लागतात आणि कोणताही कट फार काळ आकार धरत नाही, ही तक्रार घेऊन सलूनमध्ये येणाऱ्या ग्राहकांची संख्या मोठी आहे. अशा ग्राहकाला बहुतेक वेळा एखादी नवी बाटली सुचवली जाते. परंतु या तक्रारीचे मूळ केसाच्या व्यासात असल्यामुळे तो व्यास केसाच्या वागण्यावर काय परिणाम करतो, हे समजावून सांगणारा केशरचनाकार ग्राहकाच्या अधिक उपयोगी पडतो.

माणसाच्या डोक्यावरील केसाचा व्यास सामान्यतः ५० ते १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण ६० मायक्रॉनपेक्षा कमी व्यासाचा केस तलम समजला जातो. केस तलम असणे आणि केस विरळ असणे या मात्र दोन वेगळ्या बाबी आहेत. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, आणि एखाद्या व्यक्तीचे केस अत्यंत तलम असूनही संख्येने भरपूर असू शकतात. उलट राठ केस असलेल्या व्यक्तीचा माथा विरळ असू शकतो. पडताळणी सोपी आहे. गळून आलेला एकच केस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून फिरवावा. तो बोटांना जेमतेम जाणवत असेल, तर केस तलम आहे. त्यानंतर भांगाची रेषा पाहावी. ती अरुंद असेल आणि टाळू फारशी दिसत नसेल, तर दाटी पुरेशी आहे.

या तपासणीबरोबर एक प्रश्न विचारणे मी आवश्यक मानतो : केस पहिल्यापासून असेच आहेत की अलीकडे असे झाले? लहानपणापासून तलम असलेले केस हा शरीराचा स्वभाव आहे. परंतु काही महिन्यांत वेणी निम्म्यावर आली असेल किंवा भांग रुंदावला असेल, तर कारण वेगळे असते. तीव्र ताप, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळू लागतात. आनुवंशिक टक्कल पडताना तर जाड केसांच्या जागी उत्तरोत्तर बारीक केस उगवत जातात. अशा ग्राहकाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

आता व्यासाचा हिशेब पाहू. एखादी बारीक काडी वाकवण्यास लागणारा जोर तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, तर तिचे वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. केसालाही हाच नियम लागू आहे. १०० मायक्रॉनच्या केसाशी तुलना करता ५० मायक्रॉनच्या केसाचे वजन एक चतुर्थांश भरते, पण त्याचा ताठपणा केवळ एक सोळांश उरतो. म्हणजे तलम केस हलका असूनही स्वतःचे वजन पेलण्यात उणा पडतो. हाच हिशेब पुढे नेला, तर दुप्पट जाड केस स्वतःच्या भाराने वाकण्यापूर्वी सुमारे १.६ पट अधिक लांबीपर्यंत उभा राहू शकतो, असे दिसते. दोन्ही बाबतींत ही लांबी काही सेंटिमीटरच भरते. त्यामुळे फुगीरपणा मिळवायचा असेल, तर तो मुळाजवळच्या पहिल्या तीन-चार सेंटिमीटरमध्येच मिळवावा लागतो. खांद्यापर्यंत आलेल्या टोकांवर केलेली मेहनत डोक्यावरचा चपटेपणा घालवू शकत नाही.

तेलकटपणाचे कारणही याच हिशेबात आहे. केस तलम आहेत म्हणून त्वचेतील तेलग्रंथी कमी तेल सोडतात, असे नाही. मात्र ते तेल पसरण्यासाठी प्रत्येक केसाचा पृष्ठभाग कमी असतो, आणि केस सरळ असेल तर तेल मुळापासून खाली विनासायास उतरते. शेजारच्या दोन केसांमध्ये तेलाचा पातळ थर आला की पृष्ठताणामुळे ते एकमेकांकडे ओढले जातात. राठ केस आपल्या ताठपणाने या ओढीला दाद देत नाही. तलम केस तिला सहज बळी पडतो, केसांच्या बटा बनतात आणि मधून टाळू दिसू लागते. म्हणून तलम केस असलेल्या व्यक्तीने एक दिवसाआड किंवा गरज वाटल्यास रोजही सौम्य शॅम्पू वापरण्यास हरकत नाही. धुताना हातात येणारे केस बहुतांशी आधीच सुटलेले असतात. दिवसाला ५० ते १०० केस गळणे सामान्य आहे. कोरड्या शॅम्पूतील स्टार्च तेल शोषून घेतो आणि केसांमधील घर्षणही वाढवतो, त्यामुळे तो एखाद्या दिवसाची सोय म्हणून चांगला आहे, पण टाळू स्वच्छ करण्याचे काम त्याने होत नाही.

कंडिशनरविषयी ग्राहकांच्या मनात असलेली धास्ती अर्धीच खरी आहे. धुतलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि तो झिजलेल्या जागी अधिक असतो. कंडिशनरमधील धनभारित रेणू तेथे जाऊन चिकटतात, घर्षण कमी करतात आणि विंचरताना होणारी तुटातूट रोखतात. तलम केसाला या संरक्षणाची गरज अधिक आहे, कारण निम्म्या व्यासाचा केस चौपट कमी ओढ सहन करू शकतो. अडचण थराच्या वजनाची आहे : सारख्याच जाडीचा थर ५० मायक्रॉनच्या केसावर बसला, तर केसाच्या वजनाच्या तुलनेत तो १०० मायक्रॉनच्या केसावरील थरापेक्षा दुप्पट भारी ठरतो. म्हणून कंडिशनर बंद न करता तो कानाच्या खालच्या लांबीवरच लावावा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. घट्ट सिलिकोनयुक्त सिरम आणि जड तेले यांना हाच नियम लावला, तर मुळांजवळ त्यांचे काहीच काम उरत नाही.

केस सेट करण्याचे शास्त्र पाण्याभोवती फिरते. केसातील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. केस भिजला की तो आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो, पाणी हे बंध सोडवते आणि केस मऊ पडतो. वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात बंध पुन्हा जुळतात. यावरून ब्लो ड्राय करण्याची पद्धत ठरते. धुतल्यावर टॉवेलने केस न चोळता दाबून टिपावेत, मुळाशी मूस (केसांना आकार देणारा फेस) लावावा, मग डोके पुढे झुकवून किंवा भांगाच्या उलट दिशेला केस उचलून केवळ बोटांनी मुळे वाळवावीत. केस बहुतांश वाळल्यावरच गोल ब्रश हाती घ्यावा, कारण ओल्या तलम केसावर ब्रशची ओढ व्यर्थ जाते आणि तो ताणला मात्र जातो. शेवटी प्रत्येक बट ब्रशवर असतानाच थंड हवा द्यावी. गरम केस लवचिक असतो आणि ब्रश सोडताच पुन्हा खाली बसतो. मूसमधील बहुवारिके, म्हणजे लांब साखळीचे पॉलिमर रेणू, केसांवर पातळ पापुद्रा धरतात आणि केस एकमेकांना छेदतात तेथे छोटे सांधे बनवतात. दमट हवेत केस पुन्हा बाष्प शोषतो, बंध सैल होतात आणि रचना ढासळते. त्या ढासळण्याला हे सांधेच काही काळ अडवून धरतात.

उष्णतेबाबत तलम केसाला सवलत मिळत नाही. त्याचे वस्तुमान कमी असल्यामुळे तो क्षणात आरपार तापतो. केस पूर्ण वाळण्यापूर्वी त्यावर तापलेला स्ट्रेटनर फिरवला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तेथे तो कायमचा ठिसूळ बनतो. स्ट्रेटनर कोरड्या केसांवरच, १५० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि एका बटेवरून एकदाच फिरवावा, असे माझे मत आहे. तेवढ्याने वळण येत नसेल, तर तापमान वाढवण्यापेक्षा बट लहान घ्यावी.

कटाविषयी थोडक्यात सांगता येईल. लांबी कमी केली की मुळांवरील ओढ कमी होते, आणि टोके एका रेषेत कापली की खालची कड भरीव दिसते. फार लेअर्स दिल्यास तीच कड झिरझिरीत होते. कापल्याने केस जाड उगवतात ही समजूत मात्र टिकणारी नाही. १९२८ मध्ये अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीच्या केसांवर केलेल्या अभ्यासात वस्तऱ्यामुळे केसांच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात फरक पडत नाही, असेच आढळले होते.

रंग आणि ब्लीच यांचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. केसाचे बाहेरचे आवरण, म्हणजे क्युटिकल, माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेल्या पेशींचे बनलेले असते आणि त्याची एकूण जाडी केस तलम असो वा राठ, साधारण तीन ते पाच मायक्रॉन भरते. ती चार मायक्रॉन धरली, तर १०० मायक्रॉनच्या केसाच्या छेदात क्युटिकलचा वाटा सुमारे १५ टक्के येतो, पण ५० मायक्रॉनच्या केसात तो २९ टक्क्यांवर जातो. केसाला बळ देणारा आतला गाभा तलम केसात मुळातच कमी असल्यामुळे तेवढ्याच रासायनिक झिजेचा परिणाम अधिक जाणवतो. शिवाय द्रव्य केंद्रापर्यंत पोहोचण्याचे अंतर निम्मे झाले की त्यासाठी लागणारा वेळ, निव्वळ भूमितीच्या हिशेबाने, एक चतुर्थांश होतो. क्युटिकलचा अडसर सारखाच राहत असल्याने प्रत्यक्षात फरक इतका मोठा नसतो, तरीही ब्लीच तलम केसांवर लवकर चढतो हे खरे.

गंमत अशी की रंगवल्यानंतर तलम केसांचे अनेक ग्राहक खूश असतात, कारण केस ‘भरल्यासारखे’ वाटतात. अल्कधर्मी द्रव्यांनी केसावरील स्निग्ध आम्लांचा थर निघून जातो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि केस एकमेकांवरून घसरेनासे होतात. तो भरीवपणा म्हणजे झिजेची पहिली पायरी असते. ग्राहकाला हे आधी सांगावे, ब्लीच करण्यापूर्वी मानेजवळची एक बारीक बट निवडून तिला ब्लीच लावून दर पाच मिनिटांनी पुसून पाहावी, ती ओली असताना हलकेच ताणून ती पूर्ववत होते का हे तपासावे, आणि अपेक्षित रंग येण्यास लागलेला वेळ पुढच्या भेटीसाठी ग्राहकाच्या नोंदीत लिहून ठेवावा. ताणलेली बट लांबलेलीच राहिली किंवा तुटली, तर त्या दिवशी ब्लीच करू नये.