‘सिव्हियर’ वादळ म्हणजे नेमकं किती जोराचं?

अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं की ‘सिव्हियर’ हा शब्द कोकणात घरोघरी पोचतो. मराठी बातम्यांत त्याचं ‘तीव्र’ होतं. एरवी इंग्रजीत आजार, दुष्काळ, शिक्षा, कडक चेहरा, कशालाही हे विशेषण चालतं. हवामान खातं मात्र ते मोजून लावतं: वाऱ्याचा तीन मिनिटांचा सरासरी वेग ताशी ८९ ते ११७ किलोमीटर असेल तरच.

वाऱ्याच्या जोराला पायऱ्या पाडल्या त्या दर्यावर्दी लोकांनी. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने १८०५ मध्ये जहाजाला किती शिडं पेलतील यावरून वाऱ्याला अंक दिले. आपल्याकडे १८६४ च्या वादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरात इशाऱ्याची सोय झाली. हवामान खातं आलं १८७५ मध्ये. बंदरावरच्या बावट्यांचे नंबर याच परंपरेतले. ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ एवढं ऐकलं की तांडेल होडी काढत नाही.

पुढे एक विशेषण पुरेना. ताशी ११८ च्या वर ‘व्हेरी सिव्हियर’, २२२ पासून ‘सुपर’. २०१५ मध्ये या दोहोंच्या मध्ये ‘एक्स्ट्रीमली सिव्हियर’ आलं.

ही सगळी मापं वादळाच्या केंद्राजवळच्या वाऱ्याची. केंद्र आपल्या गावापासून किती लांबून जाणार, पाऊस किती पडणार, भरती कधी आहे, यातलं काहीच त्या शब्दात नसतं. इशाऱ्याची बातमी देताना हे आधी सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. नोव्हेंबर २००९ मधलं फयान नुसतं ‘चक्रीवादळ’ होतं, ‘तीव्र’सुद्धा नव्हे, तरी समुद्रात गेलेले कोकणातले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. मे २०२१ मधलं तौक्ते ‘एक्स्ट्रीमली सिव्हियर’ झालं, पण समुद्रातूनच वर सरकत गुजरातेत धडकलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आंबा झडला, घरांची छपरं उडाली. केंद्र मात्र कोकणच्या किनाऱ्यावर आलंच नाही.

‘निसर्ग’ नावाचं वादळ त्याहून दोन पायऱ्या खाली, फक्त ‘सिव्हियर’. पण ३ जून २०२० च्या दुपारी ते थेट रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांत उंच, सडपातळ पोफळी मधूनच मोडल्या. नारळ मुळासकट आडवे झाले. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर घर चालवणाऱ्यांचं वर्षाचं नव्हे, पुढच्या कित्येक वर्षांचं उत्पन्न त्या एका दुपारी गेलं, कारण सुपारीचं नवं रोप फळाला यायला पाच ते आठ वर्षं लागतात.