आपले उपराष्ट्रपती आणि अमेरिकेचे उपाध्यक्ष: गफलत नेमकी कुठे होते

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आपला रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार उमेदवार, जाहीर केला की आपल्याकडे लगेच ठरावीक गणिते मांडली जातात. कुठल्या राज्याचा, कुठल्या समाजाचा, पक्षातल्या कुठल्या गटाची नाराजी काढणार. बातम्यांच्या पट्टीवर ‘अमेरिकेचे उपराष्ट्रपती’ असे उमटते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राज्यसभेतली सभापतींची खुर्ची उभी राहते. ही गणिते आपल्या उपराष्ट्रपतिपदाला बऱ्यापैकी लागू पडतात. अमेरिकेच्या उपाध्यक्षाला ती लावली की माणूस चुकीचा निवडला जातो, आणि खुद्द तिथल्या उमेदवारांनीही ही चूक केली आहे. म्हणून आधी एक आग्रह: आपल्याकडचे ते राष्ट्रपती-उपराष्ट्रपती, तिकडचे ते अध्यक्ष-उपाध्यक्ष. शब्द वेगळे ठेवले तर निम्मा गोंधळ होतच नाही.

आपली बाजू बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. उपराष्ट्रपतींची निवडणूक स्वतंत्र होते आणि फक्त दोन्ही सभागृहांचे खासदार मत देतात. आमदारांना मत असते ते राष्ट्रपतींच्या निवडणुकीत. या दोन निवडणुका एकमेकींत मिसळू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी उपराष्ट्रपती झाले, तेव्हा द्रौपदी मुर्मू यांना राष्ट्रपतिपदावर येऊन तीन वर्षे उलटली होती. म्हणजे आपल्याकडे जोडी असा प्रकारच नाही. अमेरिकेत मतदार एकाच मताने दोघांना निवडतो. आरंभी तिथेही तसे नव्हते: दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणारा उपाध्यक्ष होई, आणि त्यामुळे १७९६ मध्ये जॉन अॅडम्स अध्यक्ष आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष झाले. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने निर्वाचकांची, म्हणजे मतदारांच्या वतीने प्रत्यक्ष मत देणाऱ्या राज्याराज्यांतल्या प्रतिनिधींची, दोन पदांसाठीची मते वेगळी केली.

साम्येही आहेत. दोघेही वरिष्ठ सभागृहाचे पदसिद्ध सभापती, दोघांनाही मते समसमान पडली तरच मत, दोन्ही पदांना वयाची अट ३५ वर्षांची. यावर वेळ घालवण्यासारखे काही नाही.

खरी मेख आहे ती वरचे पद रिकामे झाल्यावर काय होते यात.

आपल्या घटनेनुसार राष्ट्रपतींचे निधन झाले तर उपराष्ट्रपती राष्ट्रपती ‘होत’ नाहीत, ते तेवढ्यापुरता कार्यभार सांभाळतात, आणि सहा महिन्यांच्या आत नव्या राष्ट्रपतींची निवडणूक घ्यावीच लागते. ३ मे १९६९ रोजी झाकीर हुसेन गेले. व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले, पण स्वतः निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी जुलैत राजीनामा दिला. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, महिनाभर कार्यभार पाहिला. फेब्रुवारी १९७७ मध्ये फखरुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर बी. डी. जत्ती आले आणि जुलैत नीलम संजीव रेड्डी यांच्या हाती पद देऊन परत उपराष्ट्रपती झाले. शिवाय आपल्याकडे कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ चालवते. म्हणून उपराष्ट्रपती निवडताना प्रांत, समाज, ज्येष्ठता यांचा समतोल पाहिला तर त्यात धोका फारसा नाही.

अमेरिकेत उपाध्यक्ष त्याच क्षणी अध्यक्ष होतो. कार्यवाहक नव्हे, पूर्ण अध्यक्ष, उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी. पोटनिवडणूक नाही, सहा महिन्यांची मर्यादा नाही. लष्कर, अण्वस्त्रे, नकाराधिकार, मंत्री नेमण्याचा अधिकार, सगळे त्याच्याकडे जाते. अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आठ आणि राजीनाम्यामुळे एक, असे नऊ उपाध्यक्ष आजवर या वाटेने अध्यक्ष झाले आहेत.

म्हणून ‘समतोल साधला’ हे कौतुक म्हणून छापलेले दिसले की चिंता वाटते. १८४० मध्ये तेव्हाच्या व्हिग पक्षाने अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या जोडीला दक्षिणेची मते मिळावीत म्हणून व्हर्जिनियाचे जॉन टायलर घेतले. टायलर पक्षाच्या आर्थिक धोरणाशी सहमत नव्हते, पण ते कोणी तपासले नाही. हॅरिसन जिंकले, पण पदावर आल्यावर महिन्याभरात वारले. टायलरनी राष्ट्रीय बँकेची विधेयके दोनदा नाकारली, एक सोडून सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि पक्षाने आपल्याच अध्यक्षाला बाहेर काढले.

१८६४ चे उदाहरण याहून गंभीर आहे. मेन राज्याचे, तेव्हाचे उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन यांना बाजूला सारून लिंकन यांच्याबरोबर टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन यांना उभे करण्यात आले, कारण यादवी युद्धात संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला दक्षिणेचा माणूस हवा होता. निवडणुकीपुरते ते बरोबर ठरले. दुसऱ्या कार्यकाळाच्या ४२ व्या दिवशी लिंकन गेले, आणि गुलामीतून सुटलेल्या लाखो माणसांच्या हक्कांचा प्रश्न अशा माणसाच्या हाती आला ज्याला ते हक्क मान्यच नव्हते. १८६६ चा नागरी हक्क कायदा जॉन्सननी नाकारला; काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, तो त्यांच्या विरोधात जाऊन मंजूर करावा लागला. १८६८ च्या महाभियोगात ते एका मताने वाचले. समतोलासाठी केलेल्या निवडीची ही किंमत होती, आणि ती मतपेटीत दिसत नव्हती.

दुसरा फरक यालाच जोडून येतो. अध्यक्ष कोणत्याही मंत्र्याला काढू शकतो, उपाध्यक्षाला नाही. त्याला चार वर्षांचे घटनात्मक संरक्षण असते. जो पटत नाही त्याला मते आणतो म्हणून घेतले, तर तो मुदतभर तिथेच राहणार.

मग निवड करावी कशी? पहिला प्रश्न एकच: उद्या सकाळी हा माणूस अध्यक्ष झाला तर आपला कार्यक्रम पुढे नेईल का, आणि नेऊ शकेल का? या चाळणीतून जे उरतील त्यांच्यातच मग मतांचा विचार करावा. क्रम उलटा झाला की टायलर आणि जॉन्सन घडतात.

राज्य जिंकून देण्याचा भरवसा तर धरूच नये. उपाध्यक्षपदाचे उमेदवार आपापले राज्यही जिंकून देतात असे नाही: १९८८ मध्ये बेंट्सन टेक्सास, २००४ मध्ये एडवर्ड्स नॉर्थ कॅरोलायना आणि २०१२ मध्ये रायन विस्कॉन्सिन जिंकून देऊ शकले नाहीत. १९९२ मध्ये आर्कान्सासच्या क्लिंटननी शेजारच्या टेनेसीचे, जवळपास आपल्याच वयाचे गोर घेतले. समतोलाच्या हिशोबात न बसणारी ही जोडी जिंकली.

पात्रता कागदावर तपासा. जो अध्यक्ष होण्यास अपात्र तो उपाध्यक्षपदासही अपात्र. म्हणून बेळगावात वाढलेले, मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून आलेले श्री ठाणेदार या पदाला उभे राहू शकत नाहीत, कारण ते जन्माने अमेरिकी नागरिक नाहीत. दुसरे कलम बरेच जण विसरतात: एखाद्या राज्याचे निर्वाचक आपल्याच राज्यातल्या दोघांना मत देऊ शकत नाहीत. २००० मध्ये बुश आणि त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार चेनी दोघेही टेक्सासवासी होते. चेनींनी नाव जाहीर होण्याआधी मतदार नोंदणी वायोमिंग राज्यात हलवली. बुश २७१ निर्वाचक मतांनी जिंकले, त्यांत टेक्सासची ३२ होती. ती चेनींना मिळाली नसती तर उपाध्यक्षपदासाठीचा २७० चा आकडा त्यांनी गाठला नसता.

छाननीला आठवडे द्या, तास नव्हे. उमेदवारी निश्चित होताच वकिलांचे छोटे पथक नेमावे, दहा-पंधरा नावांची यादी सार्वजनिक नोंदींवरून चार-पाचवर आणावी, आणि त्यांच्याकडून दहा वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, वैद्यकीय नोंदी, न्यायालयीन प्रकरणे, जुनी भाषणे आणि मतदानाची नोंद घ्यावी. जोडीदाराचे आर्थिक व्यवहारही घ्यावेत. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो यांची मोहीम पतीच्या करविषयक कागदांवरून ऑगस्टमध्येच अडकली. १९७२ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्ननी काही तासांच्या घाईत टॉमस ईगलटन यांना निवडले. नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात होते आणि त्यांना विजेच्या झटक्यांचे उपचार दिले गेले होते, हे नंतर कळले. १८ दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. आजार हा दोष नव्हता. आधी विचारले असते तर निर्णय शांतपणे घेता आला असता आणि माणसाची जाहीर विटंबना टळली असती.

शेवटची भेट दोघांचीच असावी, सल्लागारांशिवाय. तीत कामाची वाटणी ठरवावी. ट्रुमन उपाध्यक्ष होते फक्त ८२ दिवस. अध्यक्ष रूझवेल्टनी त्यांना अणुबॉम्बबद्दल काही सांगितले नव्हते, आणि तपशील त्यांना कळला तो अध्यक्ष झाल्यावर तेराव्या दिवशी, २५ एप्रिल १९४५ ला. याउलट १९७६ च्या डिसेंबरमध्ये नुकतेच उपाध्यक्षपदी निवडून आलेले वॉल्टर मॉन्डेल यांनी त्यांच्याबरोबर अध्यक्षपदी निवडून आलेल्या कार्टर यांच्यापुढे लेखी टिपण ठेवले: उपाध्यक्षाला अध्यक्षाइतकीच गुप्त माहिती मिळावी, महत्त्वाच्या बैठकांना बसता यावे आणि अध्यक्षाशी नियमित भेट व्हावी. कार्टरनी ते मान्य केले, मॉन्डेल यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये कार्यालय दिले, आणि दर आठवड्याला दोघांनी एकत्र जेवायचे ठरले.