घरगुती पवनचक्कीची निवड : गोवा

घराची विजेची गरज काही अंशी भागवण्यासाठी अंगणात, शेतात किंवा सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) उभारलेले लहान पवन जनित्र म्हणजे घरगुती पवनचक्की. तिची क्षमता बहुधा काहीशे वॅटपासून १० किलोवॅटपर्यंत असते. गोव्यात ती घेताना यंत्राच्या आधी जागा पाहावी लागते, कारण इथला वारा माडांच्या एका रांगेच्या आडही बदलतो.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या सिद्धांतानुसार कोणतीही चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढू शकत नाही. लहान यंत्रांच्या हाती साधारण पाव हिस्साच लागतो. २ मीटर व्यासाच्या पात्यांवर सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा आला, तर त्यात सुमारे १२० वॅट असतात आणि मिळतात ३० वॅट. असा वारा दिवसरात्र वाहिला तरी पाऊण युनिटसुद्धा भरत नाही. वेग ८ मीटर झाला की त्याच पात्यांतून २४० वॅट निघतात. पत्रकावर ‘१ किलोवॅट’ छापलेले असते ते सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचे. म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: वार्षिक सरासरी ५ मीटर असेल तर वर्षाला किती युनिट मिळतील? याचे लेखी उत्तर नसेल तर ते यंत्र घेऊ नये.

गोव्यात जोराचा वारा जून ते सप्टेंबर, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात असतो. एरवी दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री-पहाटे जमिनीवरून हलका मतलई वारा सुटतो. पावसाळा सरला की काही आठवडे हवा अगदी पडते. समुद्राकडे तोंड केलेले उघडे सडे, डोंगरांचे माथे आणि किनाऱ्याची टोके या कामाच्या जागा. बागायतीतले घर मात्र बहुतेक वेळा अपात्र ठरते. पाती आजूबाजूच्या १५० मीटरांतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान ९-१० मीटर वर असावीत, असा सर्वसाधारण नियम आहे. माड १८ मीटरांचा असेल तर खांब २७ मीटरांच्या वर न्यावा लागतो, आणि तो खर्च एका घराला परवडत नाही.

जागा पारखायची साधी रीत आहे. उंच बांबूला दर २ मीटरांवर हातभर लांबीची रिबीन बांधून जुलैतही पाहावे आणि फेब्रुवारीतही. रिबीन आडवी, ताठ राहिली तर वारा सलग आहे. ती गिरक्या घेत वर-खाली फडफडली तर तिथे भोवरे आहेत. अशा हवेत वीज कमी मिळते आणि बेअरिंग लवकर झिजतात. पैसे घालण्यापूर्वी त्याच उंचीवर वर्षभर वातमापक लावणे उत्तम. छपरावर चक्की बसवणे टाळावे: तिथे भोवरे असतातच, शिवाय थरथर भिंतींत उतरते आणि कौले सरकतात.

आडव्या अक्षाची तीन पात्यांची चक्की त्याच आकाराच्या उभ्या अक्षाच्या चक्कीपेक्षा सहसा जास्त वीज देते. सावोनियस आणि दारियस या उभ्या अक्षाच्या रचना कोणत्याही दिशेचा वारा घेतात, दिसायलाही छान असतात, पण जमिनीलगतच्या मंद वाऱ्यातून त्याही काही वेगळे काढू शकत नाहीत.

खारी हवा हा इथला मोठा शत्रू आहे. खांबाला जस्ताचा जाड मुलामा, बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे आणि जनित्र बंदिस्त हवे. खांब पायथ्याशी बिजागरी असलेला, आडवा पाडता येणारा घ्यावा. मे २०२१च्या तौक्ते वादळात गोव्यात झाडे आणि विजेचे खांब कोसळले, कित्येक घरे अंधारात राहिली. असे वादळ येण्याआधी चक्की जमिनीवर उतरवून ठेवता आली पाहिजे.

पावसाळ्यात वीज जाते म्हणून चक्की घेणाऱ्यांची इथेच फसगत होते. बॅटरी नसलेला, वीजवाहिनीला जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच स्वतः बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. त्यामुळे अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर लागतो. बॅटरी भरल्यावर जादा वीज जिरवणारा हीटरही लागतो, नाहीतर भार सुटलेली पाती बेफाम फिरतात. मीटरजोडणीसाठी वीज खात्याची, किनारा नियमन क्षेत्रात तिथल्या प्राधिकरणाची परवानगी आधी विचारून घ्यावी. दाबोळी आणि मोपा विमानतळांच्या परिसरात खांबाच्या उंचीचीही चौकशी करावी.

वर्षभराचा हिशेब केला तर गोव्यातल्या बहुतेक घरांना सौर पॅनेलच स्वस्त पडते. १ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिटांच्या आसपास देते. २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदानही सौर पॅनेललाच आहे. पण ढगांनी पॅनेल मंदावते त्याच जुलैत सड्यावरचा वारा भरात असतो. उघडी, उंच जागा असलेल्या घराने आधी पॅनेल बसवून त्याच बॅटरीला लहान चक्की जोडावी, ही इथे सर्वांत जमणारी निवड आहे.