लेझरवाला बॉम्ब आणि जीपीएसवाला बॉम्ब एकच नाही ना भाऊ

अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी, टार्गेटवर जाऊन फुटणारा नागास्त्र ड्रोन बनवणारी सोलर कंपनी पण इथलीच, त्यामुळे आपल्या नागपुरात प्रत्येक पानठेल्यावर एक तरी दारूगोळ्याचा एक्स्पर्ट सापडतोच. आणि सगळ्यांचं एकच, स्मार्ट बॉम्ब आहे, बरोब्बर खिडकीतून जातो. जाईल ना, पण ती खिडकी त्याला दाखवली कोणी? (नागास्त्र इथे बाजूला ठेवू, त्याच्या कॅमेऱ्यातून माणूस बघत असतो.)

लेझरवाल्यात कोणीतरी टार्गेटवर लेझर मारून ठेवावा लागतो, विमानातून, ड्रोनवरून किंवा खाली लपलेल्या सैनिकाने, मग तिथून परत येणारा लेझर पकडून बॉम्ब वळतो. कारगिलमध्ये जून १९९९ ला मिराजने टायगर हिलवर हेच टाकले होते, तोफेचा रशियन क्रास्नोपोल गोळा पण याच जातीचा. गाडी गल्लीत वळली तरी लेझर तिच्यामागे फिरवता येतो, हा मोठा फायदा. पण धूर, धूळ, ढग मधे आले की गेलं काम, आणि शहरात तर समोरची बिल्डिंगच आडवी येते.

जीपीएसवाल्याला काही दिसावंच लागत नाही. जागेचे आकडे (अक्षांश-रेखांश) द्या, तो तिथे जाऊन पडतो, रात्र असो की पाऊस. या जातीची दोन नावं: अमेरिकेचा जेडॅम, म्हणजे साध्या बॉम्बला लावायची किट, आणि १५५ मिमी तोफेचा एक्सकॅलिबर गोळा. साधा गोळा लांबून मारला तर शंभरेक मीटर इकडेतिकडे सहज जातो, एक्सकॅलिबर काही मीटरात पडतो आणि शेवटी जवळपास सरळ वरून येतो, म्हणजे महाल-इतवारीसारख्या चिकटून घरं असलेल्या वस्तीत मधल्या घराच्या छतावर अडकायची भीती कमी.

पण पिन चुकीची टाकली तर डिलिव्हरीवाला अगदी बरोबर चुकीच्या घरी जातो तसं याचं आहे. ७ मे १९९९ ला सर्बियाच्या बेलग्रेडमध्ये अमेरिकेचे जेडॅम दिलेल्या जागीच पडले, फक्त ती जागा चीनची एम्बसी निघाली, तिघं गेले. डिसेंबर २००१ ला अफगाणिस्तानात अमेरिकन सैनिकाने हातातल्या जीपीएसची बॅटरी बदलली तर मशीनने स्वतःचीच जागा दाखवली आणि बॉम्ब त्यांच्याच लोकांवर. युक्रेनमध्ये रशियाने सिग्नल जॅम केले तर एक्सकॅलिबर पण भरकटायला लागले.

आता नेम आणि स्फोट यांची गल्लत, ही तर सगळ्यात जास्त चालते. इराकमधलं मोसुल, १७ मार्च २०१७. एका बिल्डिंगमध्ये दोन स्नायपर (लपून नेम धरणारे बंदूकधारी) होते म्हणून अमेरिकेने साधारण २२५ किलोचा जेडॅम टाकला, नेम चुकला नाही, पण अख्खी बिल्डिंग खाली बसली आणि त्यांच्याच चौकशीनुसार १०५ नागरिक मेले. आत आयसिस या दहशतवादी संघटनेने ठेवलेली स्फोटकं फुटली असं त्यांचं म्हणणं. लेझर असता तरी काय फरक पडला असता, स्नायपर तेच, बिल्डिंग तीच.

दोन्ही सोय असलेला लेझर जेडॅम २००८ पासून वापरात आहे, जीपीएसने जवळ जातो, शेवटी लेझर दिसला तर त्यावर. बॉम्ब मात्र त्यातही तोच, २२५ किलोचा.