तेच काम, कमी ठोके

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर १२६ लिहिलंय आणि पुढे बारीक अक्षरात "मेलो". झालं असं होतं की एका लाकडी खोक्यावर ३ मिनिटं चढउतार केली, धपकन खाली बसलो, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि पुढचं अख्खं १ मिनिट ठोके मोजले, ते १२६ भरले. अकरा आठवड्यांच्या व्यायामानंतर तोच खोका, तोच ताल, तेवढाच वेळ, आणि आकडा १०४. या मधल्या काळात वजन अर्धा किलोसुद्धा हललं नव्हतं, आरशात काही वेगळं दिसत नव्हतं, घरात कोणी "बारीक झालास रे" म्हणालं नव्हतं. म्हणजे बाहेरून बघाल तर शून्य प्रगती, आणि आतला पंप मात्र तेच काम २२ ठोके वाचवून करत होता.

हे २२ ठोके गेले कुठे, ते आधी बघू. बाकी घड्याळं, अ‍ॅप, झोन वगैरे नंतर.

हिशोब साधा आहे. शांत बसलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलीलीटर रक्त पुढे ढकलतं, मिनिटाला ७० ठोके धरले तर झालं जवळपास ५ लिटर. आता खोक्यावर चढायचं तर पायांच्या स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागणार, म्हणजे जास्त रक्त लागणार, आणि वजन तेच, खोका तोच, ताल तोच म्हटल्यावर ही मागणी पहिल्या दिवशी आणि अकराव्या आठवड्यात जवळपास सारखीच असते. मग एका ठोक्यात जास्त रक्त जायला लागलं की ठोके कमी लागतात, बस. मोठ्या बादलीने पाणी भरलं की खेपा कमी होतात तसं.

बादली मोठी कशी होते हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण ती एका दमात होत नाही. सगळ्यात आधी वाढतं ते रक्तातलं पाणी. नियमित व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच प्लाझ्मा म्हणजे रक्ताचा द्रव भाग वाढायला लागतो, हृदयाकडे परत येणारं रक्त वाढतं, कप्पा जास्त भरतो, जास्त ताणला जातो आणि ताणलेल्या रबरासारखा जास्त जोराने आकसतो. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आकडे पटकन खाली येतात आणि माणूस हवेत जातो (मी गेलो होतो). हृदयाचा डावा कप्पा स्वतः थोडा मोठा आणि लवचिक होणं ही पुढची गोष्ट, त्याला महिने लागतात. आणि दरम्यान स्नायूंमध्ये केशवाहिन्या वाढतात, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, म्हणजे आलेल्या रक्तातून ऑक्सिजन जास्त ओढून घेता येतो. व्यायाम फक्त हृदयाचा होतो असं आपण म्हणतो पण अर्धं काम तर पायच शिकतात.

शांत बसलेल्या वेळचे ठोके कमी होतात त्यात अजून एक भानगड आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटासा पुंजका असतो, तो हृदयाचा ताल धरतो. त्याला कोणी अडवलं नाही तर त्याची स्वतःची गती मिनिटाला १०० च्या आसपास असते. म्हणजे आपले ६५-७० ठोके ही हृदयाची मूळ चाल नाहीच, व्हेगस नावाची नस दिवसरात्र ब्रेकवर पाय ठेवून असते म्हणून ते तसे आहेत. व्यायाम सुरू केल्यावर पहिले १०० पर्यंतचे ठोके बहुतेक हा ब्रेक सोडूनच मिळतात, अ‍ॅक्सिलरेटर खरा दाबला जातो तो त्यानंतर.

हा ब्रेक रसायनाने लागतो हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. पहिल्या हृदयाची व्हेगस नस चेतवली, ते मंदावलं, मग त्याच्या भोवतीचं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयाला दिलं तर तेही मंदावलं, त्याची नस कोणी हातही न लावता. प्रयोगाची कल्पना त्याला म्हणे झोपेत सुचली, अर्धवट उठून कागदावर खरडली आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री परत तेच सुचलं तेव्हा मात्र तो थेट उठून प्रयोगशाळेत गेला. १९३६ चं नोबेल मिळालं, हेन्री डेलबरोबर. सराव केलेल्या माणसाचा हा ब्रेक जास्त पक्का बसतो असं बरीच वर्षं सांगितलं गेलं, पण २०१४ मध्ये व्यायाम करवलेल्या उंदरांवरच्या कामात दिसलं की सायनस नोडची स्वतःची मूळ गतीच उतरते. म्हणजे दोन्ही असावं, आणि कशाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांचं भांडण चालू आहे, चालू दे.

आता मोजायचं कसं. मी वापरतो ती मुळात वायएमसीए या संस्थेची ३ मिनिटांची स्टेप टेस्ट. १२ इंच उंच पायरी, मेट्रोनोम (ठरलेल्या तालात टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ९६ वर, प्रत्येक टिकला एक पाऊल, वर-वर-खाली-खाली, म्हणजे मिनिटाला २४ फेऱ्या. ३ मिनिटं झाली की लगेच बसायचं आणि पूर्ण १ मिनिट नाडी मोजायची. मेट्रोनोमचं अ‍ॅप फुकट मिळतं. माझा खोका मोजला तर १० इंचच भरला, त्यामुळे त्या टेस्टचे वयानुसार छापलेले "उत्तम, बरा, वाईट" असे तक्ते माझ्या कामाचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांची गरजही नाही. शेजाऱ्याचं हृदय वेगळं, त्याची उंची वेगळी, त्याच्याशी तुलना करून हाती काही लागत नाही. खोका बदलायचा नाही एवढं पाळलं की झालं.

या टेस्टची गंमत अशी की ती चढतानाचे ठोके मोजतच नाही, थांबल्यानंतरचे मोजते. म्हणजे तुम्ही किती धडधडलात आणि किती लवकर शांत झालात, दोन्ही एकाच आकड्यात येतं. आणि शांत होण्याचा वेग ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात ट्रेडमिलवरची टेस्ट झाल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहूनही कमीने उतरले त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. कारण थांबल्याबरोबर पहिल्या मिनिटात जे ठोके उतरतात ते मुख्यतः व्हेगसचा ब्रेक परत लागल्यामुळे, म्हणजे ब्रेकच्या तब्येतीची ही परीक्षा आहे. पण म्हणून घरी एकदा मोजून १० आले की घाबरायचं असंही नाही, तुम्ही किती जोरात केलंत, थांबल्यावर उभे राहिलात की बसलात की आडवे झालात यावर आकडा बराच हलतो.

नाडी बोटांनीच मोजायची सवय ठेवा, निदान टेस्टच्या दिवशी तरी. अंगठ्याने नाही, अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते आणि गोंधळ होतो. १० सेकंद मोजून ६ ने गुणायची सवय बऱ्याच जणांना असते, त्यात एक ठोका चुकला की ६ ठोक्यांची चूक, म्हणून सकाळची शांत नाडी तरी पूर्ण मिनिटभर मोजावी. आणि मोजताना ठोके श्वास घेताना थोडे भरभर, सोडताना थोडे सावकाश वाटले तर ते नॉर्मल आहे, उलट तरुण आणि फिट माणसात ते जास्त दिसतं.

मग घड्याळ काय करतं? घड्याळ नाडी ऐकत नाही, ते बघतं. मागच्या बाजूला जो हिरवा दिवा लुकलुकतो त्याचा प्रकाश कातडीत जातो, रक्त हिरवा प्रकाश छान शोषतं, ठोका आला की मनगटातलं रक्त किंचित वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, या चढउतारावरून ठोके मोजले जातात. बसून असाल तर मस्त चालतं. पण हात हलला, पट्टा सैल असला, हात गार पडले की त्या इवल्याशा चढउतारात बाकीची हालचाल मिसळते. मला हे कळलं ते टेस्ट करतानाच. मेट्रोनोम ९६ वर टिकटिक करतोय, मी धापा टाकतोय, आणि घड्याळ शांतपणे दाखवतंय ९६, ९७, ९६. थांबून मानेवर बोटं लावली तर १३० च्या पुढे! घड्याळाने माझ्या हृदयाचा नाही, पावलांचा ताल पकडला होता. धावणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहिती असतो. पट्टा घट्ट करून, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून फरक पडतो, आणि अगदीच अचूक पाहिजे असेल तर छातीचा पट्टा, तो प्रकाश न वापरता हृदयाचे विजेचे सिग्नलच पकडतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने असा बिनतारी पट्टा आणि मनगटी घड्याळ १९८२ मध्येच बाजारात आणलं होतं, आणि पट्टा आजही मनगटाला भारी पडतो.

घड्याळाने केलेला दुसरा घोळ म्हणजे झोन, म्हणजे हृदयाच्या कमाल ठोक्यांवरून पाडलेले हलका, मध्यम, जोराचा असे टप्पे. ते कमाल ठोके काढायचं मूळ बहुतेक वेळा २२० वजा वय हे सूत्र. हे १९७१ च्या एका लेखातून पसरलं, आणि मुळात ते कुठल्या खास त्यासाठी केलेल्या प्रयोगातून आलंच नव्हतं, वेगवेगळ्या जुन्या आकड्यांमधून नजरेने काढलेली रेघ होती ती. २००१ मध्ये तनाका आणि मंडळींनी शेकडो अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. चाळिशीत दोन्हींचं उत्तर एकच येतं, १८०. पण ६५ वर्षांच्या माणसाला जुनं सूत्र १५५ सांगतं आणि नवं १६२-१६३. आणि नव्या सूत्रालाही माणसामाणसात १० ठोके इकडेतिकडे चालतातच. म्हणजे घड्याळ म्हणतंय तुम्ही लाल झोनमध्ये आहात आणि तुम्ही आरामात फोनवर बोलताय, तर चूक तुमची नाही. अशा वेळी गप्पांची कसोटी बरी: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, हा मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, हा जोराचा. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तर "किती कठीण वाटतंय" याची ६ ते २० अशी विचित्र पट्टी बनवली, ६ पासून का, तर आकड्याला १० ने गुणलं की साधारण ठोके यावेत म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही याच भाषेत आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम.

जे लोक बीटा ब्लॉकरची (रक्तदाब किंवा हृदयासाठी देतात ती) गोळी घेतात त्यांनी मात्र हे आकडे, झोन सगळं बाजूला ठेवावं, ती गोळी ठोके दाबूनच धरते, त्यांना बोर्गची पट्टीच खरी. आणि व्यायाम करताना छातीत दुखलं, गरगरलं, नाडी मध्येच चुकल्यासारखी वेडीवाकडी लागली किंवा बसल्या बसल्या ठोके सतत १०० च्या वर राहायला लागले तर वही मिटायची आणि डॉक्टरकडे जायचं.

सकाळच्या नाडीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती रोज थोडी नाचते, आणि रोजच्या आकड्यावर खूश-नाखूश होण्यात मी पहिले दोन महिने घालवले. झोप कमी, आदल्या रात्री दारू, गरमी, पाणी कमी पिणं, कॉफी, टेन्शन, कशानेही ती वर जाते. एका गुरुवारी ६१ ची एकदम ७० झाली, मला वाटलं सगळी मेहनत गेली पाण्यात, संध्याकाळी १०० ताप. तापात अंगाचं तापमान १ अंश सेल्सिअस चढलं की ठोके साधारण १० ने वाढतात, त्या सकाळी शरीराला कळलेलं होतं, मलाच कळलं नव्हतं. तेव्हापासून मी सात दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला तेवढा घेतो, एखादा भलताच दिवस त्यात आपोआप बाजूला पडतो. टेस्टही आठवड्यातून एकदाच, त्याच वेळी, जेवल्यावर नाही, आणि आधी कॉफी प्यायची नाही.

तापानंतर दोन आठवडे काहीच केलं नाही. परत खोक्यावर चढलो तर १०४ चे ११५ झालेले. चिडचिड झाली, पण जे पटकन येतं ते पटकन जातं, तो वाढलेला प्लाझ्मा व्यायाम थांबला की दोन आठवड्यांत उतरायला लागतो. १९६६ साली डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना ३ आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं, उठले तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव हिश्शाने घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं होतं त्यापेक्षा त्या ३ आठवड्यांच्या झोपण्याने जास्त केलं होतं! पण १९६६ मध्ये त्या झोपण्यानंतर लगेच त्या तरुणांना आठ आठवडे पद्धतशीर व्यायाम दिला तेव्हा ती घट भरून निघून वर गेली होती, हेही त्याच अभ्यासात आहे.

माझी ११५ ची १०५ व्हायला तीन आठवडे लागले. आता महिनाभर ती १०२ ला चिकटून बसलीये, हलेना. म्हणून परवा खोक्याखाली दोन इंचाची फळी ठोकली, नवीन पान काढलं आणि पहिला आकडा लिहिला, ११९. पुढे काही लिहिलं नाही या वेळी.