व्हॉल्व टाइप लायटनिंग अरेस्टर (एलए)

लाईनवर अचानक चढलेलं जादा व्होल्टेज जमिनीत उतरवून ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, केबल यांचं इन्सुलेशन वाचवणारं उपकरण. पोर्सिलेनच्या सीलबंद नळीत दोन चळती सिरीजमध्ये असतात, एक स्पार्क गॅपची आणि दुसरी सिलिकॉन कार्बाइडच्या डिस्कची, आणि हे सगळं फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेलं असतं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या गच्चीवर जो तांब्याचा दांडा दिसतो तो बिल्डिंगसाठी, त्याचा याच्याशी संबंध नाही, पण गल्लत बरेच जण करतात.

रोजच्या व्होल्टेजला गॅप उघडी असते, डिस्कमधून जवळजवळ काही वाहत नाही. मे-जूनच्या वळवात किंवा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात लाईनवर किंवा जवळपास वीज पडली, नाहीतर सबस्टेशनात ब्रेकर चालला, की व्होल्टेजची लाट लाईनवरून धावत येते आणि ठराविक पातळीला गॅप पेटते. त्या क्षणी डिस्कचा रेझिस्टन्स एकदम पडतो आणि हजारो अँपिअर काही मायक्रोसेकंदांत अर्थमध्ये जातात. लाट ओसरली तरी ५० हर्ट्झचं व्होल्टेज हजर असतंच, ते त्याच वाटेने आपला करंट ढकलायला लागतं, याला फॉलो करंट म्हणतात. आता व्होल्टेज कमी म्हणून डिस्कचा रेझिस्टन्स परत चढलेला, त्यामुळे हा करंट काहीशे अँपिअर किंवा त्याहून कमीच राहतो आणि एसी करंट पुढच्या वेळी शून्यावर येतो तेव्हा, म्हणजे जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांत, गॅप विझते. साधा हॉर्न गॅप (शिंगांसारख्या दोन सळ्यांमधली मोकळी फट) पण लाट उतरवतो हो, पण नंतर तो स्वतःच शॉर्ट होऊन बसतो आणि फीडर ट्रिप होतो, म्हणून या उपकरणाची सगळी किंमत त्या वेळेवर बंद होण्यात आहे. नेमप्लेटवरचं रेटेड व्होल्टेज याचंच असतं, किती व्होल्टेजपर्यंत फॉलो करंट तोडता येईल त्याचं.

डिस्कचं वागणं I = kVᵅ या सूत्राने मांडतात (I करंट, V व्होल्टेज, k स्थिरांक). सिलिकॉन कार्बाइडला α साधारण ४ ते ६ धरतात. ५ घेतला तर व्होल्टेज दुप्पट झाल्यावर करंट ३२ पट होतो.

उगमाबद्दल एकमत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या सेलचे इलेक्ट्रोलाइटिक अरेस्टर होते, मग लेड पेरॉक्साइडचे ऑक्साइड फिल्म अरेस्टर आले, पण त्यांना कोणी व्हॉल्व टाइप म्हणत नाही. वेस्टिंगहाउसमध्ये जोसेफ स्लेपियन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला 'ऑटोव्हॉल्व' आणला, आणि जनरल इलेक्ट्रिकच्या के. बी. मॅकीकरन यांनी १९३० च्या सुमारास 'थायराइट' हे डिस्कसाठीचं सिलिकॉन कार्बाइडचं मटेरियल जाहीर केलं. काही जण पहिला मान ऑटोव्हॉल्वला देतात, पण तो सुरुवातीला पातळ चकत्यांमधल्या बारीक गॅपवर चालायचा, आणि आज ज्याला आपण व्हॉल्व टाइप म्हणतो त्यातली नॉन-लिनिअर डिस्क थायराइटच्या जास्त जवळची वाटते, म्हणून तिथून धरणं बरं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात गॅपमध्ये चुंबकीय क्षेत्राने आर्क लांब ताणायची युक्ती आली.

एलए चांगला असून ट्रान्सफॉर्मर जातो, असं का होतं? बहुतेक वेळा कारण जोडणीत सापडतं. ११ केव्ही सिस्टिमला ९ केव्हीचा एलए लावतात, तो साधारण ३० ते ३५ केव्हीच्या आसपास व्होल्टेज थोपवतो आणि ट्रान्सफॉर्मरचं इम्पल्स लेव्हल (लाट सोसायची मर्यादा) ७५ केव्ही असतं, म्हणजे कागदावर भरपूर मार्जिन आहे. पण एलएच्या तारेला मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो, आणि करंट मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने चढत असेल तर दर मीटरला १० केव्ही त्यात वाढतात, म्हणजे खांबावरून गोल वळसा घालून आणलेली तीन मीटर तार ३० केव्ही खाऊन टाकते. अर्थिंगचंही तेच. ५ ओहमच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून ५ किलोअँपिअर गेले तर तिथेच २५ केव्ही उभे राहतात. एलएला स्वतःचा खड्डा द्यायचा की ट्रान्सफॉर्मरच्या टाकीशी जोडायचं यावर दोन मतं ऐकू येतात, पण टाकीशी आखूड तारेने जोडलं तर ते २५ केव्ही इन्सुलेशनवर येत नाहीत, टाकी आणि एलए एकत्रच वर उचलले जातात, म्हणून खड्डा वेगळा असला तरी ही जोडणी हवीच. ठाणे-नवी मुंबईत २२ केव्ही वितरण आहे, तिथेही हिशोब हाच, आकडे मोठे. मोठ्या सबस्टेशनात अंतराचा प्रश्न येतो. लाट ओव्हरहेड लाईनवर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते, १००० केव्ही प्रति मायक्रोसेकंद चढणारी लाट असेल तर एलए ३० मीटर लांब असल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला २०० केव्हीपर्यंत जादा येऊ शकतात.

ठाण्याच्या खाडीच्या काठाने आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांजवळ पोर्सिलेनवर मिठाचा, धुळीचा थर बसतो. पाऊस पडून धुऊन गेलं तर ठीक, पण थंडीतल्या पहाटे दव पडलं की थर ओला होतो, पृष्ठभागावरून करंट रांगतो, मध्येच कोरडे पट्टे पडतात आणि आतल्या गॅपवरचं व्होल्टेज बिघडतं. एका गॅपवर जास्त, दुसरीवर कमी. मग आकाश निरभ्र असताना एलए पेटतो, परत परत पेटला की डिस्क तापतात आणि शेवटी नळी फुटते. उपाय म्हणजे धुणं, सिलिकॉन ग्रीस, किंवा जास्त क्रिपेजचं (पृष्ठभागावरून मोजलेल्या अंतराचं) पोर्सिलेन, बऱ्याच ठिकाणी २५ ऐवजी ३१ मिमी प्रति केव्ही घेतात. सील गळून आत ओल शिरणं हेही बिघाडाचं मोठं कारण आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही.

१९६० च्या दशकाच्या शेवटी जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांच्या कामातून झिंक ऑक्साइड व्हॅरिस्टर (व्होल्टेजप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा घटक) पुढे आला आणि १९७० च्या दशकात गॅप नसलेले, म्हणजे मेटल ऑक्साइडचे, अरेस्टर बाजारात आले. त्यांचा α ३० धरला तर व्होल्टेज १० टक्के वाढल्यावर करंट सुमारे १७ पट होतो, सिलिकॉन कार्बाइडमध्ये जेमतेम १.६ पट. गॅप लागतच नाही, म्हणून नवीन कामात तेच घेतात. पडघ्याच्या ±५०० केव्ही डीसी चंद्रपूर लिंकच्या टर्मिनलात थायरिस्टर व्हॉल्वला (एसी-डीसी बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचना) लावलेले अरेस्टर मेटल ऑक्साइडचेच, त्यांना व्हॉल्व टाइप समजू नये. गॅपवाल्यांचं भारतीय मानक पूर्वी आयएस ३०७० भाग १ होतं, मेटल ऑक्साइडचं भाग ३.

जुने गॅपवाले अजून काही खांबांवर असतात. मेटल ऑक्साइडमध्ये चालू लाईनवर लीकेज करंट मोजून म्हातारपण कळतं, गॅपवाल्यात तसा करंट डिस्कमधून जातच नाही, त्यामुळे मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या यंत्राने) चांगलं दाखवलं तरी डिस्क निकामी असू शकते आणि खरी परीक्षा उतरवून लॅबमध्ये टेस्ट केल्यावरच होते, जी सहसा कोणी करत नाही. बदलायला घेतले तर तिन्ही फेजचे एकदम बदलतात.